चकलीवरची शाळापट्टी

कॅनडात जाऊन काय काय केलंस, असं भारतातले नातेवाईक विचारतात, तेव्हा मी घर, गाडी, नोकरी या किरकोळ गोष्टी पटकन उरकतो. मग थोडा पुढे वाकून, आवाज खाली आणून सांगतो, "मी कर बसवला." समोरचा माणूस चमकतो. त्याला वाटतं, मला ‘भरला’ म्हणायचं असणार. भरतात सगळेच. मी बसवला. ब्रॅम्पटनच्या एका टोकाला, जेमतेम चार रस्त्यांच्या टापूत, चकली, करंजी, अनारसे, जेवणाचे डबे, ब्लाउजची शिलाई आणि मेंदी या सर्व व्यवहारांवर दोन टक्के. माझ्याकडे मुकुट नव्हता, संसद नव्हती, फौज तर नव्हतीच. एक बेसमेंट होतं, घडीच्या खुर्च्या होत्या आणि एक ठराव होता.

सुरुवात मुलीपासून करायला हवी. आमची मुलगी तेव्हा तिसरीत होती. ती वॉकर घेऊन चालते. तिचे पाय जन्मापासून तिचं ऐकत नाहीत आणि ती जन्मापासून कुणाचंच ऐकत नाही. घरी आम्ही मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तरं देते. इथे मी तिचं बोलणं मराठी करून लिहितो आहे. त्यात तिचा उद्धटपणा निम्मा कमी होतो, तेवढा वाचकांनी आपल्या मनाने वाढवून घ्यावा.

तिच्या शाळेच्या मागे खेळायचा एक मोठा सांगाडा होता. घसरगुंडी, लोंबकळायच्या दांड्या, एक हलता पूल. त्याच्याखाली लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर पसरलेला असायचा, म्हणजे पडलं तर लागू नये. या ढलप्यांत वॉकरची चाकं रुततात. पाऊस पडला की आणखी रुततात आणि गोठलं की त्यांचे खड्डे होतात. त्यामुळे रिसेस, म्हणजे मधली सुट्टी, झाली की बाकीची पोरं सांगाड्याकडे धावायची आणि आमची मुलगी डांबरी पट्ट्यावर, शाळेच्या भिंतीपाशी, देखरेख करणाऱ्या बाईंच्या शेजारी उभी राहायची.

"रिसेस कशी झाली?" मी विचारायचो.

"थंड."

"काय केलंस?"

"भिंत धरून ठेवली."

"का गं?"

"कुणीतरी धरायला हवी ना."

एका उन्हाळ्यात तपासणी झाली आणि सांगाडा धोकादायक ठरला. शाळा उघडली तेव्हा मागे नुसतं रिकामं मैदान होतं. सगळ्या घरांतली पोरं हळहळली. आमच्याकडे एकच प्रतिक्रिया आली. "आता सगळे भिंतीजवळ येणार. फार गर्दी होणार."

नवा सांगाडा कधी येणार हे ठरवायला स्कूल कौन्सिलची, म्हणजे पालकांच्या समितीची, सभा झाली. प्रिन्सिपल बाई प्रेमळ, मृदू आवाजाच्या. शाळा चालवणाऱ्या बोर्डाकडून काही पैसे येतील, त्यात सांगाडा बसेल आणि खाली लाकडाचा बारीक भुगा टाकता येईल, असं त्यांनी सांगितलं.

मी हात वर केला. "भुग्यावर वॉकर चालेल?"

"नियमाप्रमाणे तो चालण्यायोग्य पृष्ठभाग आहे."

"नियमाप्रमाणे आहे. चाकाप्रमाणे?"

बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी फाइल मिटली. "पहिला पाऊस पडेपर्यंत," त्या म्हणाल्या.

चाकं खरोखर चालतात ती रबराच्या सलग जमिनीवर. ती कितीतरी महाग पडते आणि तिचे पैसे बोर्ड देत नाही, ते पालकांनी उभे करायचे. मुदत होती मार्चपर्यंतची. तोवर पैसे जमले तर रबर, नाहीतर भुगा. आणि एकदा भुगा पडला की तो त्या सांगाड्याच्या आयुष्यभर तिथेच राहणार. म्हणजे आमची मुलगी हायस्कुलात जाईपर्यंत भिंत शाबूत राहण्याची उत्तम सोय झाली होती.

शाळेसाठी पैसे उभे करायची इथली पद्धत मला ठाऊक होती. पोराच्या हातात चॉकलेटांचं खोकं देतात. ते शेजाऱ्यांना विकायचं असतं. शेजाऱ्याच्या पोराकडेही तेच खोकं असतं. तेव्हा प्रत्येक बाप आपापलं खोकं स्वतःच विकत घेतो आणि बेसमेंटमध्ये लपून खातो. आधीच्या वर्षी या मार्गाने शाळेच्या ग्रंथालयाला काही पुस्तकं मिळाली आणि मला नवीन पँट घ्यावी लागली.

त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या माझ्या मेहुण्याचा फोन आला. मी रबराचं रडगाणं लावलं. त्याच्या आवाजात अमेरिकेत राहणाऱ्या माणसाची ती खास दया उतरली. "अरे, आमच्या इथे शाळेचं छप्पर गळत होतं. मतदान घेतलं. गावातल्या प्रत्येक विक्रीवर छोटासा कर बसवला. छप्पर नवं, वर जिमसुद्धा."

मी चौकशी केली. आमच्याकडे गावाला असा विक्रीकर बसवायचा अधिकार नाही. शाळेला नाही, बोर्डालाही नाही. मी दोन दिवस खट्टू होतो. तिसऱ्या दिवशी दाढी करताना मला साक्षात्कार झाला. गावाला नसेल, पण बेसमेंटला नाही असं कुठे लिहिलंय?

आमच्या टापूतली बाजारपेठ लहान समजू नये. दर तिसऱ्या घरात काहीतरी विकायला असतं. एकीकडे डबे, एकीकडे शिलाई, एकीकडे गणिताची शिकवणी. आणि या सगळ्यांवर राज्य करतात चकलीवाल्या वहिनी. आठवडाभर त्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतात. सप्टेंबर उजाडला की त्यांचे शनिवार-रविवार सोऱ्याला वाहिलेले असतात. घरात तळणाचा वास राहू नये म्हणून त्या गॅरेजचं दार उघडं टाकून, मोठ्या शेगडीसमोर, अंगात विंटर जॅकेट आणि त्यावर एप्रन असा वेष करून उभ्या राहतात. रिचमंड हिलहून लोक त्यांच्या चकलीसाठी हायवेने येतात. एका गृहस्थाने त्यांच्या चकल्या सहा तासांवरच्या ब्रॉसार्डपर्यंत गाडीने नेल्या आणि सगळा रस्ता डब्याला सीटबेल्ट लावला होता. दुकानात आपण तेरा टक्के कर निमूटपणे देतो. वहिनींच्या गॅरेजमध्ये शून्य. तिथे दोन टक्के बसवले तर कुणाचं काय जाणार होतं?

घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, म्हणून मी माझ्या कराचं नाव ठेवलं शाळापट्टी. बायकोला सांगितलं.

"अहो, वर्गणी म्हणा," ती म्हणाली. "गणपतीला मागतो तशी. लोक हसत देतील."

"वर्गणी दिली की लोकांना वाटतं उपकार केले. मग आपल्या पोरीने चार रस्ते थँक्यू, थँक्यू करत फिरायचं. कराबद्दल कधी कुणी कुणाचे आभार मानलेत? रस्त्यावरून गाडी नेताना तू आभार मानतेस?"

ती म्हणाली, "बरं. करा. पण सभा घेऊ नका. सभा घेतलीत की संपलं."

मी सभा घेतली.

अध्यक्षस्थानी काका होते. काका म्हणजे आमच्या टापूतले सर्वांत जुने, निवृत्त इंजिनियर. आम्ही शाळेत होतो तेव्हा ते इथे पूल बांधत होते. आजवर त्यांनी चार मंडळांच्या घटना लिहिल्या आहेत. त्यांतली दोन मंडळं त्या घटनेच्या अर्थावरूनच फुटली, पण घटना अजून उत्तम स्थितीत आहेत. बेसमेंटमध्ये ते मसुदा घेऊनच उतरले. चहा झाला, बटाटेवडे झाले, आणि शाळापट्टी ‘तत्त्वतः’ एकमताने मान्य झाली. आपल्याकडे तत्त्वतः कशालाही कधीच विरोध नसतो.

मग काका उभे राहिले. "कर कुणावर नाही, हे आधी ठरवायला हवं. सुसंस्कृत देशात कायदा तिथून सुरू होतो."

"काका, चकलीवर आहे. एवढंच लिहा," मी म्हणालो.

"अरे, तू गप्प बस. तू प्रस्तावक आहेस, तुझा हितसंबंध आहे." काकांनी चष्मा लावला. "इथे दुकानात डोनट घ्यायला जा. पाच घेतलेस तर कर लागतो. सहा घेतलेस तर लागत नाही. का? पाच घेणारा माणूस तिथेच उभा राहून खातो, म्हणजे चैन. सहा घेणारा कुटुंबासाठी घरी नेतो, म्हणजे अन्न. आणि कुटुंबाच्या अन्नावर हा देश कर घेत नाही."

सभागृह, म्हणजे बेसमेंट, भारावलं. ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी डोनट मोजून पाहावेत.

"तेव्हा," काकांनी हवेत बोट धरलं, "सहा किंवा त्याहून अधिक नग असल्यास शाळापट्टी माफ. जो एकटा-दुकटा चैनीसाठी खातो, त्याने शाळेला द्यावं. कुटुंबवत्सल माणसाला त्रास नको. अनुमोदन?"

काय सुरेख कलम होतं ते! त्यात न्याय होता, करुणा होती, देशाच्या कायद्याशी नातं होतं. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले आणि मी ताडकन उठून म्हणालो, "माझं अनुमोदन!" टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी आभारप्रदर्शनही केलं. खुर्च्या मिटून मी जिना चढत होतो, तेव्हा वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या बायकोने शांतपणे विचारलं, "अहो, पाच चकल्या कोण घेतं?"

मी जिन्यावर बसलो.

आपल्यात चकली किलोने घेतात. करंज्या पंचवीस घेतात. ब्लाउज अर्धा डझन एकदम शिवायला टाकतात, डबे महिन्याचे लावतात. पुरणपोळ्यासुद्धा डझनाने सांगतात आणि वर ‘दोन जास्तीच्या टाका’ म्हणतात. आमच्या चार रस्त्यांत एकही माणूस असा नव्हता, ज्याने आयुष्यात सहापेक्षा कमी काही विकत घेतलं असेल. मी जन्माला घातलेल्या कराला पहिल्याच दिवशी एकही करदाता नव्हता. आणि अनुमोदक मीच.

मी लगेच काकांना फोन केला. "काका, ते कलम काढून टाकू."

"असं ऊठसूट कलम काढता येत नाही," काका गंभीरपणे म्हणाले. "चौदा दिवसांची नोटीस. दोन तृतीयांश बहुमत. तूच मंजूर केलंस."

चौदा दिवसांनी कलम निघालं, पण तोवर दिवाळीच्या अर्ध्या ऑर्डरी देऊन झाल्या होत्या. उरलेल्या अर्ध्यांवर माझी सगळी आशा. शाळेच्या बागेत ठेवायला म्हणून आणलेला एक मोठा प्लास्टिकचा डबा वहिनींच्या गॅरेजमध्ये ठेवला. वर लिहिलं ‘शाळापट्टी’.

आणि मग मी माझ्या समाजाचं एक रूप पाहिलं, जे पाहायला परदेशातच यावं लागतं. ही माणसं सिग्नल पिवळा झाला तरी ब्रेक मारतात. शेजाऱ्याच्या फुटपाथवरचा बर्फसुद्धा आपला समजून शोव्हल करतात. लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा गेलं तर त्यांना झोप लागत नाही. वर्गणी मागितली असती तर ‘राहू द्या हो उरलेले’ म्हणून नोट हातात कोंबली असती. पण कर म्हटल्याबरोबर प्रत्येकाच्या आत झोपलेला एक हुशार माणूस डोळे चोळत उठून बसला.

पहिली पळवाट खुद्द वहिनींनी काढली. "भाऊजी, मी चकली विकतच नाही," त्या म्हणाल्या. "मी डबा विकते. चकली आत असते, ती माझ्याकडून भेट. आता भेटीवर कर घेणार का तुम्ही? दिवाळीत?"

शिलाईवाल्या बाईंनी पैसे घेणंच बंद केलं. ब्लाउजच्या बदल्यात त्या करंज्या घेऊ लागल्या आणि करंज्यांच्या बदल्यात गणिताची शिकवणी. अख्खा टापू दोन आठवड्यांत नाण्यांचा शोध लागण्यापूर्वीच्या काळात गेला. व्हॉट्सॲपवरचा आमचा फराळाचा ग्रुप अचानक शांत झाला. मला वाटलं, लोक यंदा कमी खाताहेत. पुढे कळलं, ‘हळदीकुंकू नियोजन’ नावाचा नवा ग्रुप निघाला आहे, सगळे भाव तिथे ठरतात आणि हळदीकुंकवाला मला कोण बोलावणार?

"तू आहेस त्या ग्रुपमध्ये?" मी बायकोला विचारलं.

"मला फक्त ॲड केलंय. मी काही बोलत नाही." ती बेसन चाळत होती. "पण लाडू तिथून सांगितले. स्वस्त होते."

मी घरात पाय आपटत फिरलो. देशद्रोह, कृतघ्नता, असे मोठे मोठे शब्द वापरले. मुलगी सोफ्यावर बसून ऐकत होती. "बाबा, तुम्ही फार छान चिडता," ती म्हणाली.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी मी वहिनींकडे आमची ऑर्डर आणायला गेलो. मुलगी बरोबर होती. गॅरेजचं दार उघडं, बाहेर बारीक बर्फ भुरभुरत होता, आत तेल तापलेलं, वहिनी जॅकेटमध्ये. चकली दोन किलो, अनारसे, शेव. वहिनींनी पिशवी बांधली आणि रक्कम सांगितली. मला डिवचायला म्हणून वर ठणकावलं, "भाऊजी, तुमची पट्टी धरून हं. करवाल्याकडून कर नको का घ्यायला?"

आता जे झालं ते मी केलं नाही, माझ्या तोंडाने केलं. गेली तीस वर्षं कुठल्याही दुकानात, कुठल्याही देशात, विकणाऱ्याने आकडा सांगितला की माझं तोंड आपोआप एक वाक्य बोलतं. ते मला विचारत नाही. ते बोललं, "अहो वहिनी, जरा राउंड करून टाका ना."

"चला, केले. तुम्हाला म्हणून."

मी खूश. वरची सुट्टी रक्कम गेली होती. पिशवी उचलून, शीळ घालत गाडीत बसलो. आरशात मुलगी दिसत होती. ती माझ्याकडे पाहत होती.

"बाबा, ते वरचे पैसे, जे आता गेले, ते माझे होते ना?"

मी चावी फिरवली नाही. "अगं, ते सवयीने होतं. थोडेसेच होते."

"किती रबर आलं असतं त्यात?"

"फार नाही."

"एक पाऊल?"

मी चावी अर्धीच फिरवली.

"अर्धं?"

वायपरने काचेवरचा बर्फ एकदा बाजूला केला. "ठीक आहे," ती बाहेर बघत म्हणाली. "सोमवारी मी भिंतीला सांगते, अजून आहे मी म्हणून."

माझ्याकडे भाषणं भरपूर असतात. लग्नाची, निरोपाची, बक्षीस समारंभाची. त्या गाडीत एकही सापडलं नाही. मी उतरलो, तिचा वॉकर काढला आणि आम्ही दोघं परत गॅरेजमध्ये गेलो.

"काय राहिलं, भाऊजी?"

"पट्टी राहिली. ती घ्या." मी नोट पुढे केली.

"अहो, आता तर राउंड केलं तुम्ही!"

"मी केलं, तेच सांगायला आलो. सगळ्या गावाला मी चोर म्हणतोय, आणि माझ्या पोरीसमोर मीच ती बुडवली."

वहिनींनी झारा ठेवला आणि शेगडी बारीक केली. दिवाळीच्या आदल्या शनिवारी त्यांनी शेगडी बारीक केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत, मुलीकडे वळल्या. "तुला तिथे काय करायचंय गं? झोपाळा हवाय?"

"झोपाळा बाळांसाठी असतो," मुलगी म्हणाली. "घसरगुंडी."

"मग इतकी वर्षं कशी गेलीस घसरगुंडीवर?"

"नाही गेले."

"एकदाही नाही?"

"चाकं रुततात," मुलीने शाळेतल्या बाईंनी लहान पोराला समजवावं तसं समजावलं. "तुम्हाला माहीत नव्हतं? बाबांनी सभेत सांगितलं नाही?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी आठवून पाहिलं. मी सभेत शाळेच्या सुधारणा म्हटलं होतं, सार्वजनिक जबाबदारी म्हटलं होतं, कराच्या इतिहासावर पाच मिनिटं बोललो होतो. रबराचा उल्लेख मसुद्यात होता, परिशिष्टात. पोरीचा उल्लेख मी मुद्दाम टाळला होता, तिच्या वाट्याला कुणाची दया येऊ नये म्हणून. आणि काकांच्या कलमानंतर तर मी टाळ्याच वाजवत होतो.

"भाऊजी, तुमचा कर बंद करा," वहिनी म्हणाल्या. "माणसाला कर दिसला की त्याचं डोकं चालायला लागतं. भाव दिसला की तो नुसता कुरकुरतो आणि देतो. मार्चपर्यंत वेळ आहे ना? दिवाळी संपली तरी लोक खायचे थोडेच थांबणार आहेत. डबा घरी घेऊन जा, मला पाय ठेवायला जागा होत नाही."

दुसऱ्या दिवशी वहिनींचा निरोप फिरला. चकलीचा भाव चांगला सणसणीत वाढला होता. कारण दिलं नव्हतं. चार रस्त्यांत हाहाकार झाला. "अगं बाई, चकली आहे का सोनं!" "आता घरीच करायच्या." घरी कुणी केल्या नाहीत. उलट भाव वाढला म्हणजे काहीतरी विशेष असणार, म्हणून दोघा-तिघांनी जास्त घेतल्या. मग वहिनींनी शिलाईवाल्या बाईंना बोलावून घेतलं, डबेवाल्यांना बोलावलं. काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, मला गॅरेजबाहेर उभं केलं होतं. पण संक्रांतीपर्यंत ब्लाउजची शिलाई वाढली होती आणि सगळे पुन्हा पैशाने व्यवहार करू लागले होते.

काकांना हे सहन झालं नाही. ते थेट गॅरेजमध्ये आले. मी तिथे तिळगुळाचे डबे भरायला मदत करत होतो.

"हा छुपा कर आहे," काका गरजले. "याला ठराव नाही, नोटीस नाही. लोकशाहीत असं चालत नाही."

"हो, काका," वहिनी म्हणाल्या. "तुमचे लाडू अर्धा किलो बांधू का?"

काकांनी डब्यात डोकावून पाहिलं. "एक किलो बांध."

मार्चमध्ये वहिनी वाढीव भावाच्या पैशांचं पाकीट घेऊन माझ्याबरोबर शाळेत आल्या. प्रिन्सिपल बाईंना ते कशातून आलं हे एका फॉर्मवर भरायचं होतं. त्यात पर्याय होते: बेक सेल, सोडत, चालण्याचा उपक्रम. मला ‘कर’ लिहायची फार इच्छा होती.

"बेक सेल लिहू ना?" बाईंनी विचारलं.

"चकली बेक करत नाहीत," वहिनी दुखावून म्हणाल्या. "तळतात."

बाईंनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. "तळण्याचा पर्याय नाही," त्या खेदाने म्हणाल्या, आणि वहिनींनी मोठ्या मनाने बेक करून घेतलं.

सगळ्या मैदानाला पुरेल एवढं ते नव्हतंच. बाकीच्या पालकांची पिझ्झा आणि चॉकलेटं धरूनही नव्हतं. बाईंनी नकाशा काढला. डांबरी पट्ट्यापासून घसरगुंडीपर्यंत रबराची एक निळी वाट, आणि घसरगुंडीभोवती एक गोल. बाकी सगळीकडे भुगा. दांड्यांपर्यंत वाट नाही, पुलापर्यंत नाही. मी नकाशा घरी आणून मुलीला दाखवला आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तिने बोटाने वाट मोजली. "वाकडी का आहे?" तिने विचारलं.

"झाडामुळे."

"ठीक आहे."

बर्फ गेला, मेमध्ये माणसं आली, सांगाडा उभा राहिला, रबर ओतलं गेलं. दोन आठवड्यांनी, दुपारी, मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना शाळेचा फोन आला. मी कॉरिडॉरमध्ये धावलो.

"पडली?" मी ओरडलोच.

"नाही, नाही. ती ठीक आहे," प्रिन्सिपल बाई म्हणाल्या. त्यांचा मृदू आवाज कसनुसा झाला होता. "पण तिच्या वागण्याबद्दल बोलायचं होतं. ती हातांनी पायऱ्या चढून घसरगुंडीवर गेली. वॉकर खाली पायरीशी आडवा लावून ठेवला. आणि मग ती वरच बसून राहिली. घसरलीच नाही. कुणालाही वर येऊ दिलं नाही."

"किती वेळ?"

"काल एक रिसेस. आज दोन्ही. चार मुलांनी तक्रार केली आहे."

मी अत्यंत गंभीर आवाजात सांगितलं की हे फार चुकीचं आहे, आम्ही घरी नक्की बोलू. फोन ठेवला आणि कॉरिडॉरमध्ये एकटाच उभा राहिलो. शेजारून जाणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, चांगली बातमी का? मी म्हणालो, मुलीविरुद्ध तक्रार आली आहे.

बायकोला फोन केला.

"अहो, काय सांगता! किती जणांनी तक्रार केली?"

"चौघांनी."

"चौघांनी?" ती म्हणाली, आणि दहावीचा निकाल लागल्यावर घरातून येतो तसा आवाज तिच्या घशातून आला. मग ती सावरली. "ओरडायला हवं तिला."

"तू ओरड."

"तुम्ही बाप आहात."

संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ओरडून पाहिलं. फारसं जमलं नाही. तिच्या दप्तरात बाईंनी दिलेला कागद होता. त्यावर तिने माफीपत्र लिहून, पालकांच्या सहीने, दुसऱ्या दिवशी परत न्यायचं होतं. ती डायनिंग टेबलाशी बसली, जीभ बाहेर काढून, मान वाकडी करून लिहीत राहिली. मग कागद आमच्याकडे सरकवला.

मराठीत सांगायचं तर त्यात असं होतं: ‘मी रांग अडवली त्याबद्दल मला वाईट वाटतं. वरून पार्किंग लॉट दिसतो आणि बसथांबा दिसतो. ते इतर सगळ्यांनी आधीच पाहिलं आहे, म्हणून मला जास्त वेळ लागला. उद्या मी फक्त एकच रिसेस बसेन.’

"हे माफीपत्र नाही," बायको म्हणाली.

"पहिलं वाक्य आहे ना."

खाली पालकांच्या सहीसाठी एकच ओळ होती. बायकोने सही केली. मग मीही पेन घेतलं आणि तिच्या सहीच्या वर, जिथे जागा नव्हती तिथे, माझी सही बसवली.